ढोकळ्यावरचे लाल ठिपके

मागच्या महिन्यात घरी पाहुणे यायचे होते म्हणून सकाळी ढोकळा लावला, वाफवून झाकण काढलं तर पिवळ्याधमक ढोकळ्यावर लाल लाल ठिपके, जसं काही कुणी ब्रश झटकलाय. सासूबाई म्हणाल्या, "अगं सोडा नीट फेटला नाहीस." माझी मुलगी, वय वर्षं नऊ, ती म्हणाली, "आई, ढोकळ्याला गोवर आलाय." पाहुण्यांनी काही न बोलता खाल्ला, चांगली माणसं होती. पण त्या गोवरावरून आमच्या घरात पुढचे पंधरा दिवस जे काही चाललं ते सांगायचं म्हणून हे लिहितेय, कारण मुलांना घरी विज्ञानाचा प्रयोग दाखवायचा म्हटलं की सगळेजण एकच दाखवतात, तो मातीचा ज्वालामुखी, सोडा टाका, व्हिनेगर ओता, फस्स करून फेस, टाळ्या, संपलं.

मला त्या ज्वालामुखीचा जरा रागच आहे. आमच्याकडे दोनदा करून झालाय. मुलं बघतात, ओरडतात, "परत परत" करतात, आणि तिसऱ्यांदा फस्स झाल्यावर टीव्ही लावतात. त्यात विचारण्यासारखं काही उरतच नाही. हळदीचं, म्हणजे ढोकळ्यावर ते ठिपके उठवणाऱ्या त्याच हळदीचं, तसं नाहीये. हळद हातात आली की पोर घरभर फिरून एकेका वस्तूला प्रश्न विचारत सुटतं, आणि ती वस्तू उत्तर देते, रंगात.

आधी प्रयोग सांगते, मग त्यामागचं काय ते.

एक चमचा हळद घ्या, त्यात दोन-तीन चमचे पाणी टाकून सरबरीत पेस्ट करा. ड्रॉइंगच्या वहीचा एक जाडसर पांढरा कागद घ्या, नसेल तर टिश्यूही चालेल पण तो फाटतो. ब्रशनं किंवा बोटानं पेस्ट कागदावर पसरा, पंख्याखाली वाळवा, वाळल्यावर वरची भुकटी झटकून टाका आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. झालं, तुमच्याकडे प्रयोगशाळेतल्या लिटमस कागदाचा घरगुती भाऊ तयार आहे. अजून गडद पट्ट्या हव्या असतील तर पाण्याऐवजी अल्कोहोलवालं हँड सॅनिटायझर वापरा, कारण हळदीचा मुख्य रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, अल्कोहोलमध्ये मस्त विरघळतो. फक्त सॅनिटायझर पेट घेतं, त्यामुळे हे काम गॅसच्या ओट्यावर करू नका, बाल्कनीत वगैरे करा आणि स्वतः करा. आणि खाली जुना पेपर अंथरा हो. मी नाही अंथरला. आमच्या ओट्याच्या पांढऱ्या दगडावर एक पिवळा नकाशा झालाय, थोडा आफ्रिकेसारखा दिसतो.

आता एका वाटीत थोडं पाणी आणि अर्धा चमचा खायचा सोडा, दुसऱ्यात लिंबाचा रस, तिसऱ्यात नुसतं पाणी, चौथ्यात अंगाच्या साबणाचं पाणी. पट्टीवर प्रत्येकाचा एकेक थेंब. लिंबू टाकलं, काही झालं नाही, पिवळी ती पिवळीच. पाणी, काही नाही. सोड्याच्या थेंबाखाली मात्र कागद केशरी-विटकरी झाला. आणि साबणाच्या थेंबाखाली थेट लालभडक. पोरगी म्हणाली, "रक्त!" आणि मग ती लाल झालेली पट्टी घेऊन त्यावर लिंबू पिळलं, तर लाल गायब, परत पिवळी. तिनं ते सात-आठ वेळा केलं असेल. साबण, लाल. लिंबू, पिवळी. साबण, लाल.

हे पांढऱ्या शर्टवर आपण सगळ्यांनी पाहिलेलंच आहे खरं तर. वरणाचा डाग पडतो, घाईघाईत साबण लावतो आणि डाग जायचा राहिला बाजूला, लाल होतो, आणि आपण घाबरतो की आता शर्ट गेला. तो डाग नंतर पाण्यात खळबळून साबण निघून गेला की परत पिवळा होतो. आणि ढोकळ्याचंही तेच, जिथे सोड्याचा न विरघळलेला कण राहिला तिथे तिथे हळद लाल झाली. त्यात वाफेनं अजून भर घातली, ते पुढे सांगते.

आता हे होतं कशामुळे.

हळदीत कर्क्युमिन नावाचा पदार्थ असतो, हळदीच्या पुडीत साधारण 2 ते 5 टक्के, आणि हळदीचा पिवळा रंग मुख्यतः त्याचाच. 1815 साली फोगेल आणि पेलेतिए या दोघांनी तो हळदीतून वेगळा काढला, म्हणजे दोनशे वर्षं होऊन गेली. आपल्याला वस्तू पिवळी दिसते म्हणजे काय होतं तर पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात, त्यातला जांभळा-निळा भाग कर्क्युमिन गिळून टाकतं आणि उरलेला आपल्या डोळ्याकडे परत पाठवतं, तो उरलेला पिवळा दिसतो. सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात गेल्यावर त्याची भूक बदलते, मग ते हिरवट भागसुद्धा गिळायला लागतं, आणि उरतो तो लाल. रंग "तयार" होत नाही, गिळायचा बदलतो. हे मुलांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते, मग ती टोमॅटो काय गिळतो, पालक काय गिळतो असं विचारत बसतात.

पण भूक बदलते का? इथे आम्ल आणि आम्लारी आलं. शाळेच्या पुस्तकात "आम्ल चवीला आंबट असते, आम्लारी स्पर्शाला बुळबुळीत असतात" असं पाठ करतात, ते बरोबरच आहे, पण त्यानं काही कळत नाही. मी तिला एसटीचं उदाहरण दिलं. समज गर्दीची एसटी आहे आणि सगळा व्यवहार सुट्ट्या पैशांवर चाललाय. हे सुट्टे पैसे म्हणजे हायड्रोजनचे छोटे कण, ज्यांच्यावर धन विद्युतभार असतो. आम्ल म्हणजे असा माणूस ज्याचे खिसे चिल्लरीनं फुटायला आलेत, दिसेल त्याला देत सुटतो, "घ्या हो घ्या". आम्लारी म्हणजे कंडक्टर, त्याची पिशवी रिकामी, दिसेल त्याला म्हणतो "सुट्टे द्या, सुट्टे द्या". आता हळदीचं कर्क्युमिन म्हणजे बिचारा मधल्या सीटवरचा प्रवासी, त्याच्या खिशात दोन-तीन नाणी आहेत पण तो काही सहज काढून देणाऱ्यातला नाही. साधं पाणी असेल तर तो शांत बसलाय, पिवळा. लिंबू आलं तरी शांत, खिशात आहेतच नाणी. पण साबण आला, म्हणजे कंडक्टर थेट मानेवर येऊन बसला, की नाणं काढून द्यावं लागतं, आणि मग रागानं तोंड लाल. नंतर लिंबू आलं आणि त्यानं नाणं परत दिलं की स्वारी पुन्हा पिवळी.

उदाहरण ताणलं तर तुटतं हे मला माहितीये, पण नऊ वर्षांच्या मुलीला पुरलं. खरं सांगायचं तर मलाही बारावीला जे कळलं नव्हतं ते हे सांगताना कळलं. नाणं गेलं म्हणजे कर्क्युमिनच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनना पसरायला जास्त जागा मिळते, आणि म्हणून तो वेगळा उजेड गिळतो, एवढंच त्यात जास्तीचं.

"आम्लारी" हा शब्द मला फार आवडतो बरं का. मुरारी कसा, मुर राक्षसाचा अरी, तसा आम्लारी, आम्लाचा अरी. इंग्लिशमधल्या बेस या शब्दातून यातलं काहीच कळत नाही, मराठी शब्द ऐकला की भांडण दिसतं.

एसटीत सुट्टे किती फिरतायत ते मोजायचं माप म्हणजे पीएच. मराठीत त्याला सामू म्हणतात आणि हा शब्द शाळेपेक्षा शेतकऱ्यांच्या तोंडात जास्त आहे, माती परीक्षणाचा कागद आला की "सामू आठच्या वर गेलाय" असं माझे काका म्हणायचे. हे माप 1909 साली डेन्मार्कच्या सोरेनसन यांनी काढलं, ते कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत काम करायचे, हो, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग. बिअर बनवणाऱ्यांना आंबटपणा नेमका मोजायला लागतो ना. माप थोडं उफराटं आहे, सुट्टे जेवढे जास्त तेवढा आकडा लहान. साधं शुद्ध पाणी 7, लिंबाचा रस 2 च्या आसपास, दही-ताक 4 ते साडेचार, दूध साडेसहाच्या जरा वर. सातच्या पुढे आम्लारी, म्हणजे खायच्या सोड्याचं पाणी 8.3 च्या आसपास, अंगाचा साबण 9-10, धुण्याचा सोडा 11, पानाचा चुना 12 च्या वर. आणि यातली मेख अशी की एकेका पायरीला दहापट फरक पडतो. लिंबू 2 आणि पाणी 7, म्हणजे पाच पायऱ्या, म्हणजे लिंबात पाण्यापेक्षा एक लाख पट सुट्टे फिरतायत. मुलीनं दहा गुणिले दहा गुणिले दहा असं बोटावर केलं आणि एक लाख आल्यावर लिंबाकडे जरा आदरानं बघितलं.

हळद साधारण साडेसात-आठपर्यंत पिवळी राहते आणि साडेआठच्या पुढे लाल होत जाते. म्हणजे खायचा सोडा बरोबर उंबऱ्यावर उभा आहे, म्हणून त्याचा डाग धड लाल नाही धड पिवळा नाही, असा विटकरी येतो. इथे एक सुंदर उपप्रयोग आहे जो कुणी फारसा करत नाही. सोड्याचं तेच पाणी छोट्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळा, गार करा, आणि परत पट्टीवर थेंब टाका. आधीपेक्षा चांगला लाल येतो. कारण उकळताना खायच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो, जो जास्त जहाल. ढोकळ्यात हेच झालं होतं, वीस मिनिटं वाफेवर बसलेले सोड्याचे कण. म्हणून ढोकळा करताना सोडा शेवटी टाकायचा, त्यावर लिंबू पिळायचं आणि एका दिशेनं भराभर फेटायचं असं जे सगळ्या आया-सासवा सांगतात त्यात चुकीचं काहीच नाही, फक्त कारण कुणी सांगत नाही. (सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी तेच तर म्हणत होते.")

आता पट्ट्या तयार झाल्या की मुलाला मोकळं सोडा. आमच्याकडे जे निघालं ते सांगते पण तुम्ही आधी मुलांना अंदाज करायला लावा, त्यात खरी मजा आहे. अंगाचा साबण लाल. भांड्याची वडी लाल. कपड्याची पावडर लालभडक. पण शाम्पू? शाम्पू पिवळा! फेस येतो, बुळबुळीत लागतो, तरी पिवळा. इथे पोरगी अडकली, कारण तिनं मनात नियम केला होता की फेस येतो ते सगळं लाल. शाम्पू बहुतेक 5 ते 7 च्या मधले असतात, केसांना जास्त आम्लारी चालत नाही म्हणून मुद्दाम तसे बनवतात, आणि फेस आणणारा पदार्थ साबणापेक्षा वेगळा असतो. तिचा नियम मोडला, तिनं वहीत "फेस = लाल" वर काट मारली आणि खाली लिहिलं "फेसाचा संबंध नाही". ज्वालामुखी दहा वेळा केला असता तरी हे झालं नसतं.

अजून, पापडखार चांगला लाल. दूध पिवळं, दही पिवळं, मीठ पिवळं, साखर पिवळी. थुंकी पिवळी (विचारू नका). गावाकडून आणलेली चुलीची राख पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी घेतलं तर लाल, कारण लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, आणि म्हणूनच पूर्वी राखेनं भांडी घासली की तेलकटपणा निघायचा. आज्जीला हे सांगितल्यावर आज्जी खूश, तिनं मग राखेची अर्धा तास हकीकत सांगितली, पट्ट्या बाजूलाच राहिल्या.

आज्जीच्या पानाच्या डब्यातला चुना मी स्वतः लावून दाखवला, मुलीच्या हातात दिला नाही, आणि हे मी जरा आवाज चढवून सांगते: चुना मुलांच्या हातात देऊ नका. त्याच्या पुड्या, ट्यूबा घरात पडलेल्या असतात, मूल दाबतं, डोळ्यात उडतो आणि डोळा जाऊ शकतो, कारण इतकं तीव्र आम्लारी डोळ्याला आतपर्यंत भाजतं. धुण्याचा सोडाही हाताला झोंबतो, तो मोठ्यांनीच हाताळायचा. आणि बाथरूममधलं काहीही या खेळात आणायचं नाही, विशेषतः टॉयलेट साफ करायचं अॅसिड आणि ब्लीच हे एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे. स्वयंपाकघर पुरेसं आहे.

चुना लावल्यावर पट्टी अशी लाल झाली की आज्जी म्हणाली, "हे तर कुंकू!" आणि ते अगदी खरंय. हळद आणि चुना म्हणजे कुंकवाचा लाल रंग, दक्षिणेत नवरानवरीला ओवाळायला ताटात जे लाल पाणी घेतात तेही हळद-चुन्याचंच. मग अर्थातच पुढचा प्रश्न आला, "मग देवघरातल्या कुंकवावर लिंबू टाकलं तर ते पिवळं होईल?" मी म्हटलं होईल. टाकलं. झालं नाही. मी तोंडघशी पडले.

मग शोधत बसले. तर आपल्याकडची कुंकवाची जुनी कृती जी आहे त्यात हळकुंडं, लिंबाचा रस, तुरटी आणि टाकणखार लागतो, पंढरपूर आणि करमाळ्याजवळचं केम ही त्या धंद्याची नावाजलेली गावं. आता लिंबाच्या रसात हळद लाल कशी होईल, आपण तर उलटं पाहिलं! इथे टाकणखाराची करामत आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, त्यात बोरॉन असतं, आणि आम्ल असताना बोरॉन कर्क्युमिनला जाऊन असं काही घट्ट पकडतं की एक नवीनच लाल पदार्थ तयार होतो. चुन्यानं येणारा लाल म्हणजे नुसती नाण्याची देवघेव, लिंबू आलं की उलटते. टाकणखाराचा लाल म्हणजे लग्न, लिंबानं मोडत नाही. रसायनशास्त्रात बोरॉन ओळखायला कर्क्युमिन वापरतात, आणि इथे कुंकू करणाऱ्या बायका हे पिढ्यानपिढ्या करत आल्या. अर्थात बाजारातल्या बऱ्याच स्वस्त कुंकवात सरळ कृत्रिम रंग असतो, त्यामुळे आमच्या देवघरातलं यापैकी कोणतं ते मी छातीठोकपणे नाही सांगणार.

हळदीवर इतकं बोलतेय त्याला कारण माझं माहेर सांगलीकडचं. हरिपूरला जमिनीखाली पेवं असायची, हळद साठवायची, लहानपणी तिथून जाताना नाकात जो वास बसलाय तो अजून आहे. आणि हळदीवरून अमेरिकेशी भांडण झालं होतं ते आमच्या घरात जेवताना चालायचं, 1995 साली तिथे हळदीनं जखम भरते याचं पेटंट दिलं गेलं होतं, आपल्याकडच्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक संशोधनाच्या सरकारी संस्थेनं, तेव्हा रघुनाथ माशेलकर प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं आणि 1997 साली ते रद्द झालं. वडील म्हणायचे, "आजीला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं."

बरं, परत प्रयोगाकडे. हळदीत एक मोठा दोष आहे आणि तो मुलांनाच शोधू द्या. लिंबू पिवळं, पाणी पिवळं, साखर पिवळी, मग हळदीला लिंबू आणि पाणी यातला फरक कळतच नाही! ती फक्त आम्लारी ओळखते, आम्ल आणि साधं यात तिला काही घेणंदेणं नाही. म्हणून दुसरा दर्शक लागतो. (रंग बदलून सांगणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात.) यूट्यूबवर सगळे जांभळा कोबी घ्या म्हणतात, तो आमच्या भाजीवाल्याकडे कधी असतो कधी नसतो आणि असला तर भाव ऐकून मी परत येते. कुंपणावर गोकर्ण आहे ना? निळी गोकर्ण. आठ-दहा फुलं गरम पाण्यात टाका, पाणी निळंशार होतं. त्यात लिंबू पिळलं की जांभळं, मग गुलाबी. सोडा टाकला की हिरवट. जास्वंदीच्या लाल पाकळ्याही चालतात, त्यांचं पाणी लिंबानं झगझगीत गुलाबी आणि सोड्यानं हिरवं. या फुलांमध्ये अँथोसायनिन नावाचे रंग असतात, जांभळात आणि कोकमातही तेच घराणं. कोकमाचं आगळ मुळातच इतकं आंबट की त्यात सोडा टाकला तर आधी फसफसतं आणि मग बऱ्याच सोड्यानंतर लाल रंग जाऊन काळपट व्हायला लागतं, सोलकढी प्रेमींनी हे बघू नये.

आणि आता जो भाग मला सगळ्यात आवडला. थेंब मोजणं. अर्धा कप पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, अगदी चिमूटभर, त्यात हळदीच्या सॅनिटायझरवाल्या अर्काचे (म्हणजे हळद सॅनिटायझरमध्ये कालवून जो पिवळा रस होतो त्याचे) पाच-सहा थेंब, पाणी लालसर केशरी होतं. आता औषधाचा धुतलेला ड्रॉपर घ्या आणि लिंबाच्या रसाचा एकेक थेंब टाकत ढवळा, पाणी स्वच्छ पिवळं होईपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. मग तेवढाच सोडा घेऊन व्हिनेगरनं. मग ताकाच्या वरच्या पाण्यानं. आमच्याकडे लिंबाचे 7 लागले, व्हिनेगरचे 9, आणि ताकाचे साठाच्या पुढे गेल्यावर मुलीनं मोजणं सोडलं आणि "ताक आळशी आहे" असं लिहिलं. तुमचे आकडे वेगळे येतील, चिमटीत सोडा किती बसतो त्यावर आहे, त्यामुळे शक्यतो एकाच माणसाची चिमूट वापरा. पण लिंबू आणि ताकात कितीतरी पटींचा फरक येणार हे नक्की. ही जी थेंब मोजायची पद्धत आहे ना तीच कॉलेजच्या लॅबमध्ये ब्युरेट लावून करतात, अनुमापन म्हणतात, आणि मी त्यात दरवर्षी एक थेंब जास्त टाकून नापास व्हायच्या बेतात असायचे.

अदृश्य पत्राचा खेळही करून बघा, पटकन होतो. कान साफ करायची कापसाची काडी साबणाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर काहीतरी लिहा, पूर्ण वाळू द्या, काही दिसत नाही, मग त्यावरून हळदीचा सॅनिटायझरवाला अर्क ब्रशनं फिरवा, अक्षरं लाल होऊन वर येतात. आमच्या कागदावर "आज्जीने माझी चिक्की खाल्ली" असं आलं.

दोन-तीन बारीक गोष्टी. लाल झालेल्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी बघितल्या तर तपकिरी, मळकट झालेल्या असतात आणि लिंबू टाकलं तरी पहिल्यासारखा पिवळा येत नाही, घाबरू नका, आम्लारीत कर्क्युमिन फार वेळ टिकत नाही, तुटून जातं. उन्हातही तुटतं, म्हणून हळदीचा डाग पडलेला कपडा धुऊन कडक उन्हात वाळत घातला की डाग जातो, आमच्या ओट्यावरच्या आफ्रिकेला ऊन मिळत नाही हाच प्रॉब्लेम आहे. आणि पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवली आणि पाणी एकदम गडद पिवळं झालं तर हळदीत भेसळीचा रंग असायची शंका घ्यायला जागा आहे, कारण खरी हळद पाण्यात विरघळत नाही, ती खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. ही तपासणी एफएसएसएआयनंही, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनंही, सुचवलेली आहे. पण हळदीच्या पट्टीवर लिंबू टाकून शुद्धता कळते असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, त्यातले रंग ओळखायला लिंबापेक्षा बरंच तीव्र आम्ल लागतं आणि ते घरात आणायचं नाही.

परवा मुलीचा वाढदिवस झाला. केक नको, ढोकळा हवा म्हणाली, आणि तोही ठिपक्यांचा. मी पीठ नीट फेटून ताटात ओतलं आणि तिनं वरून चिमटीनं सोड्याचे कण भुरभुरले, रांगोळी घालावी तसे. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर भरपूर लाल ठिपके, आणि ती टाळ्या वाजवत नाचली. खाताना जिथे ठिपका तिथे साबण खाल्ल्यासारखी चव लागत होती. आज्जीनं एक तुकडा तोंडात टाकला, माझ्याकडे बघितलं, आणि लिंबाची फोड मागितली.